अपेक्षित उत्तरांचा रकाना

वत्सले, तुझा डबा माझ्याकडे आला.

तुझ्या आईंनी स्वतः आणून दिला, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. "प्रमिला, हा शाळेचा की वत्सलाचा, मला काही समजत नाही, तूच बघ," म्हणाल्या. तोच बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावरचे गुलाब निम्मे उडालेले, आत पोरांच्या चिठ्ठ्या आणि तुझ्या तांबड्या पेन्सिलीचं अंगठ्याएवढं थोटूक. मी म्हटलं, आई, हा शाळेचा नाही आणि वत्सलेचाही नाही, हा दुसरीच्या वर्गाचा आहे. मग आम्ही दोघी पायरीवर बसून पोटभर रडलो, आणि रडून झाल्यावर मी चहा टाकला. त्यांनी दोन कप घेतले. तुला बरं वाटेल म्हणून सांगते.

शाळेत शोकसभा झाली. हेडमास्तर म्हणाले, वत्सलाबाई मनमिळाऊ होत्या. मनमिळाऊ! तू! मला हसू आवरेना, पदर तोंडाला लावला तर सगळ्यांना वाटलं मी हुंदका देतेय. नंतर मला बोलायला सांगितलं. मी वीस मिनिटं बोलले गं. नको ते सगळं बोलले आणि हवं ते एकच तेवढं राहिलं. खाली बसले तेव्हा माझं मलाच कळलं की दोन वर्षं जे गिळून बसले होते, ते आजही गिळलंच. म्हणून हे लिहितेय. आणि काल शाळेत जे झालं तेही तुला सांगायचंय, पण ते शेवटी. आधीचं आधी.

तुझा वर्ग मला दिलाय. डबा आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं. "प्रमिलाबाई, दुसरी तुम्ही घ्या. आणि एक करा, ते पंधरवडे आता पुरे. पुस्तक धरा, टाचण नीट लिहा, सगळे रकाने भरा. पुढच्या गुरुवारी इन्स्पेक्शन आहे. तेच साहेब येणार आहेत." तेच साहेब हे त्यांनी जरा जोर देऊनच म्हटलं. मी "बरं" म्हणून बाहेर आले. तुझं सगळं काम त्या एका गुरुवारवर येऊन ठेपलं होतं, आणि ते तिथवर आणलं कुणी, हे हेडमास्तरांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं आणि मला.

आपण ट्रेनिंग कॉलेजात एका बाकावर होतो तेव्हापासूनची ही कथा आहे. आठवतात ना ते अक्षर शिकवणारे मास्तर? वर्षभर दोघींच्या हातात बोरू देऊन तेच ते वळण घोटून घेतलं. शेवटी आपली अक्षरं इतकी एकसारखी झाली की अंधेरीच्या या शाळेत लागलो तेव्हा हजेरीपुस्तकात कोणतं नाव तू लिहिलंयस आणि कोणतं मी, हे आपल्यालाही सांगता येईना. अक्षर तेवढं एक, बाकी सगळं उलटं. मी बडबडी, तू घुमी. मला टाचण लिहायला मनापासून आवडायचं. उद्याचा पाठ आज कागदावर, कोणता मुद्दा, बाई काय विचारणार, मुलं काय म्हणणार. त्या शेवटच्या रकान्याचं नावच "अपेक्षित उत्तरे". मी तो रात्री डोळे मिटूनही भरला असता. तू पहिल्याच आठवड्यात तो रिकामा सोडलास.

मी विचारलं, "हे काय, विसरलीस?"

"विसरले नाही. पोरं काय म्हणणार हे मला आज कसं ठाऊक असणार?"

"अगं, आपण शिकवू तेच म्हणणार ना!"

"मग त्यांना विचारायचं कशाला, पमे?"

कपाळ माझं! तिथून जे भांडण सुरू झालं ते तू गेलीस तरी मिटलेलं नाही.

पंधरवडा ही तुझीच कल्पना. पोरांनी स्वतःहून विचारलेला प्रश्न चिठ्ठीवर जसाच्या तसा लिहून डब्यात टाकायचा. व्याकरण सुधारायचं नाही, शब्द बदलायचा नाही. मग पोरांनीच एक चिठ्ठी निवडायची, आणि निसर्गाभ्यासाच्या तासाला पुढचे पंधरा दिवस तेवढा एकच प्रश्न. स्वातंत्र्य येऊन दहा वर्षंही झाली नव्हती, वर्गात टकळ्या फिरत होत्या, सगळीकडे नवं शिक्षण नवं शिक्षण चाललं होतं, पण सात वर्षांच्या पोराच्या प्रश्नावर अख्खे पंधरा दिवस घालवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आपण दोघी त्या ठेंगण्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. तू वही उघडायचीस. या प्रश्नाला हात कुठे लावता येईल, हे तुझं पहिलं. ज्याला हात लावता येत नाही तो प्रश्न तिसरीसाठी ठेव, म्हणायचीस. मग कोणत्या वस्तू लागतील, आणि त्या चाळीतल्या पोराच्या घरी असतील का बंगल्यातल्याच घरी. एकाच्याही घरी नसेल तर ती वस्तू बाद. मग पोरं कुठे चुकतील. यावर तू तासन्‌तास विचार करायचीस, आणि मी म्हणायचे, चुकतील तिथे आपण सांगू की. तेव्हा तू तांबडी पेन्सिल घ्यायचीस आणि समासात नेमक्या त्या ठिकाणी लिहायचीस, "गप्प".

वहीभर गप्प. एका पंधरवड्यात सात-सात, आठ-आठ गप्प. बाईंनी काय बोलायचं याची टाचणं सगळे लिहितात, बाईंनी कुठे तोंड मिटायचं याचं टाचण लिहिणारी तू एकटी. आणि माझ्या वर्गासाठी म्हणून जे लिहून द्यायचीस त्यात मुद्दाम, "इथे पमाने गप्प. खरोखर गप्प."

मला जमलं नाही कधी. मुंग्यांच्या पंधरवड्यात दुसऱ्याच दिवशी मी सगळं सांगून टाकलं होतं. पुढचे बारा दिवस माझा वर्ग मुंग्यांकडे ढुंकून पाहीना आणि तुझा वर्ग गुळाचे खडे घेऊन भिंतीला डोळे लावून बसलेला. मी चिडले, तू नुसती हसलीस. तुझं ते हसू मला कधी आवडलं नाही, आज सांगते.

पण पाटीचा पंधरवडा! तो मी मरेपर्यंत विसरायची नाही.

शकूची चिठ्ठी होती. "पाटी वरच पाणी कुठ जात." दिवसातून वीस वेळा पोरं ओल्या फडक्यानं पाटी पुसतात, हवेत हलवतात, वाळली की लिहितात. इतक्या वर्षांत आपल्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं. मी म्हटलं, सोपं आहे, वाफ होते, अर्ध्या तासात संपेल. तू "हं" म्हणालीस आणि समासात पहिलं गप्प लिहिलंस.

शकूनं वर्गात ठासून सांगितलं की पाटी पाणी पिते. तू तिला नाही म्हणाली नाहीस. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस! पाचव्या दिवशी तिचे वडील कचेरीला जायच्या आधी कोट-टोपी घालून वर्गाच्या दारात. मी शेजारच्या वर्गातून बघत होते.

"बाई, आमची शकू चारचौघांत सांगते की पाटी पाणी पिते. लोक हसतात आम्हाला."

"तुम्ही तिला काय सांगितलंत?" तू विचारलंस.

"वाफ होते म्हणून सांगितलं."

"मग ती काय म्हणाली?"

गृहस्थांनी टोपी सारखी केली. "म्हणाली, वाफ गरम असते. पाटी तर गार लागते."

"बघा," तू म्हणालीस, "तुमच्यापेक्षा तिनं जास्त विचार केलाय."

अगं बाई! मला वाटलं आता हे गृहस्थ थेट हेडमास्तरांकडे जाणार. पण ते तिथेच उभे राहिले आणि शकूच्या पाटीवर हात ठेवून बघायला लागले. त्या दिवशी त्यांना कचेरीला उशीर झाला असणार.

मग सगळी वरात कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. पाटी पाणी पीत असेल तर जड व्हायला हवी, हे शकूचंच डोकं. वाणी वैतागला, "बाई, गिऱ्हाइकं खोळंबलीत हो माझी," म्हणत त्यानं कोरडी पाटी तोलली, ओली तोलली, वाळल्यावर पुन्हा तोलली. कोरडी जेवढी होती तेवढीच. शकूचं तोंड एवढंसं झालं. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, दोन शब्द सांगावेसे वाटले, आणि तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की काळानिळा डाग पडला. शाळा सुटताना शकू तुझ्यापुढे येऊन उभी राहिली. "बाई, मग पाटी नाही पीत. कुणीतरी येऊन नेतं." तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिलाय. बाकीच्यांनी कुणी पाहिला नाही, त्यांना तू नुसतीच कडक बाई वाटायचीस.

कोण नेतं हे बघायला घरी जे जे वाळतं ते आणायला सांगितलंस. पापड आले, कुरडया आल्या, एकानं बहिणीचं ओलं परकर-पोलकं आणलं. आणि गिरणीतल्या सावंतांच्या सुशीनं आणले बोंबील, ओले, पानात बांधून. आता वारा कुठे जास्त आहे ते पोरांनी कागदाच्या पट्ट्या बांधून आदल्या दिवशी तपासलंच होतं. शाळेत सगळ्यात झकास वारा हेडमास्तरांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात. झालं! हेडमास्तर, ज्यांना कांद्याचाही वास सोसत नाही, ते बाहेर आले तर डोक्यावर दोरीला जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील लोंबतायत.

"वत्सलाबाई, हे काय आहे?"

"बोंबील आहेत, सर."

"ते दिसतंय मला! इथे का?"

"पोरांनी तपासलं, सर. वारा इथेच आहे."

मी खांबाआड तोंड लपवून उभी. दुसऱ्या दिवशी सुशीची आई आली आणि मला म्हणाली, "बाई, मधीच काढू नकात हां, वास येतलो. तीन दिस ऱ्हवांदेत." तीन दिवस राहिले. हेडमास्तर तीन दिवस मागच्या दारानं आत गेले. यातलं शोकसभेत त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही, आणि मनमिळाऊ म्हणे!

त्या रविवारी तू मला खारदांड्याला नेलंस, खरे वाळणारे बोंबील बघायला. किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्याच दोऱ्या, त्यांवर हजारोंनी मासळी. तू तिथल्या कोळणीला तोच प्रश्न विचारलास, शकूच्याच शब्दांत. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "वारा पितो गो बाय." तू वळून माझ्याकडे पाहिलंस. परत येताना आपल्या साड्यांना मासळीचा वास, माझ्या सासूबाईंनी दारातच अडवलं आणि आंघोळ करून आत ये म्हणाल्या. मी किती खूष होते गं त्या दिवशी! तुला सांगितलं नाही. तुझ्यावर चिडल्यासारखंच दाखवलं.

आता ते येतं, जे मी शोकसभेत गिळलं.

पंधरवड्याचा दहावा दिवस आणि इन्स्पेक्शन. हेडमास्तर बोंबलांमुळे आधीच पेटलेले. ते मला म्हणाले होते, "तुमच्या मैत्रिणीला सांगा, साहेबांनी रिकामा रकाना पाहिला तर बदली होईल तिची, लांब कुठेतरी." मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, "होऊ दे." तुला होऊ दे म्हणणं सोपं होतं. मला तुझ्यावाचून शनिवार काढायचे होते ना! मधल्या सुट्टीत तू पोरांबरोबर नळावर होतीस, वही टेबलावर पडलेली होती. मी दौत उघडली आणि त्या रिकाम्या रकान्यात लिहिलं, "पाण्याची वाफ होऊन ते हवेत मिसळते." तुझ्या अक्षरात. म्हणजे माझ्याच, पण कुणाला कळणार होतं?

साहेब आले. वही वाचली, मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला. मी दाराशी उभी होते. साहेबांनी विचारलं, "बाळांनो, पाटीवरचं पाणी कुठं जातं?" आणि शकू ताडकन उभी राहिली. "वाफ नाही होत, साहेब. पाटी गार असते." एक म्हणाला वारा नेतो, एक म्हणाला ऊन पितं, एकीनं सांगितलं की डब्यात झाकून ठेवलेली पाटी ओलीच राहिली म्हणजे नेणाऱ्याला आत शिरता येत नाही. काय सुंदर बोलत होती गं पोरं! चार-पाच दिवसांत पोचलीच असती. पण साहेबांचं बोट माझ्या ओळीवर होतं.

"बाई, तुमच्या टाचणात तर स्पष्ट लिहिलंय. मुलं त्याच्या नेमकं उलट सांगतायत. दहा दिवस शिकवून हे?"

तू वही पाहिलीस. मग मान वर केलीस आणि दाराकडे पाहिलंस. एकदाच.

"वही माझीच आहे, साहेब," तू म्हणालीस.

रिकामा रकाना असता तर तू भांडली असतीस. का रिकामा आहे ते सांगितलं असतंस, कदाचित साहेबांना पटलंही असतं. मी तुझी भांडायची जागाच भरून टाकली. शेरेबुकात शेरा पडला, "दुसरीचा पाठ अयशस्वी. नियोजन आणि अध्यापन यांत मेळ नाही." बदली झाली नाही, पण हेडमास्तरांना निमित्त मिळालं. तिथून पुढे सहामाहीत एकच पंधरवडा. दोन वर्षांत दुसरीच्या पोरांना फक्त चार प्रश्न मिळाले, वत्सले. उरलेल्या चिठ्ठ्या या डब्यात आहेत. मी काल संध्याकाळी सगळ्या वाचल्या.

पुढच्या शनिवारी मी मनाची तयारी करून आले होते. शिव्या घाल, बोलणं टाक, काहीही कर. तू वही उघडून माझ्यापुढे ठेवलीस. माझ्या शाईच्या ओळीशेजारी, समासात, तांबड्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, "गप्प". मग तू विचारलंस, चहा घेणार का. मी हो म्हटलं. बस. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मी दुनियेभरचं बोलले तुझ्याशी, एवढं सोडून. तुला ताप भरला तेव्हा तीन आठवडे रोज येत होते, रोज ठरवून येत होते की आज सांगायचं, आणि रोज सासूबाईंचे गुडघे आणि भाजीचे भाव सांगून परत जायचे. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस, "पमे, तुझा चेहरा बघून दोन वर्षं कंटाळा आला मला." मी हसण्यावारी नेलं. सांगून टाक म्हणून तू मला दार उघडून दिलं होतंस ना? मला तेव्हा कळलंच नाही.

चुकले गं मी. तुझं भलं करायला गेले आणि तुझ्या पोरांचं उत्तर हिरावून घेतलं. वर तुझ्या आड लपले. झालं, सांगितलं.

आता कालचं.

मी दुसरीच्या वर्गात पहिल्यांदा गेले त्या दिवशी हेडमास्तरांनी बजावून ठेवलं होतं, बाई देवाघरी गेल्या म्हणून सांगा आणि पुस्तक उघडा. मी पाटीवर, म्हणजे फळ्यावर गं, तारीख घातली. मागून बेबी उभी राहिली. पुढचे दोन दात पडलेली ती, तुझी लाडकी. ती म्हणाली, "बाई, वत्सलाबाई कुठं गेल्या?" उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. हात तसाच खडूवर होता, आणि तुझा तो चिमटा आठवला. दंडावर, त्याच जागी. मी डबा काढला, तिला कागद दिला. तिनं जीभ बाहेर काढून लिहिलं, "वत्सला बाइ कुठ गेल्या." बाकीच्या पोरांना विचारलं, कोणता प्रश्न घ्यायचा. चाळीसच्या चाळीस हात वर.

शनिवारी त्या ठेंगण्या बाकावर मी एकटी बसले. हात कुठे लावता येईल, हे तुझं पहिलं. या प्रश्नाला कुठे लावू हात? तासभर काही सुचेना. मग तुझा दुसरा मुद्दा धरला, घरून काय आणता येईल. पोरांना सांगितलं, तुमच्याजवळ बाईंचं जे काही असेल ते शोधून आणा. तू दोरा बांधून दिलेली टकळी आली. तू दिलेल्या फांदीची जास्वंद कुंडीसकट आली. एका पोरानं काहीच आणलं नाही, नुसता उजवा हात पुढे केला. म्हणाला, "बाईंनी हात धरून 'ज्ञ' काढायला शिकवला. मी काढला की त्या असतात." बेबी वही घेऊन सगळं लिहून ठेवते, कुणाकडे काय सापडलं. रोज काहीतरी नवीन सापडतं.

टाचण मी लिहिलं, सगळे रकाने, सुवाच्य. शेवटचा सोडला.

काल साहेब आले. केस पांढरे झालेत, पण चष्म्यावरून बघणं तेच. हेडमास्तर त्यांच्या मागे. फळ्यावर बेबीचा प्रश्न, बेबीच्याच अक्षरात. साहेबांनी तो दोनदा वाचला. वही उघडली.

"बाई, हा रकाना रिकामा आहे."

"हो साहेब. तो तसाच राहायचाय."

हेडमास्तर खाकरले. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तुझी दोन वर्षांपूर्वीची वही मी बरोबर आणली होती, ती पाटीच्या पंधरवड्यावर उघडून साहेबांपुढे ठेवली. "आणि साहेब, ही ओळ वत्सलाबाईंची नाही. ती मी लिहिली होती, त्यांना न विचारता. त्यांचा रकाना रिकामाच होता. पाठ त्यांचा फसला नाही, तो मी फसवला. शेरा माझ्या नावावर घाला." आवाज कापला नाही माझा. तुझी शपथ.

साहेबांनी वही जवळ ओढली. ती ओळ बघत राहिले, मग शेजारचं ते तांबडं गप्प. वर्गाकडे वळून त्यांनी विचारलं, "काय रे, सापडल्या का बाई?" आणि पोरं सुटली! जास्वंद, टकळी, ज्ञ, सगळं एकदम. साहेब पुढच्या बाकाच्या कडेला बसले, ऐकत राहिले. बऱ्याच वेळानं ते माझ्याकडे वळले.

"हे सगळं ठीक आहे. पण शेवटी तुम्ही यांना काय उत्तर देणार, बाई?"

माझ्याकडे उत्तरं होती, वत्सले. दोन-तीन तरी होती, चांगली होती, आणि तू मला ओळखतेस. मी ओठ मिटले. साहेब वाट बघत होते, हेडमास्तर वाट बघत होते. मी पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिले. शेवटी बेबीलाच राहवेना. "साहेब, बाई सांगत नसतात," ती पडलेल्या दातांतून म्हणाली, "आम्हालाच शोधायला लागतं."

साहेबांनी शेरेबुक मागवलं. जुना शेरा स्वतःच्या हातानं खोडला आणि खाली लिहिलं, "दुसरीचे पंधरवडे पूर्ववत चालू ठेवावेत." हेडमास्तरांनी ते वाचलं आणि मला म्हणाले, "मासळी मात्र नको हं, प्रमिलाबाई." मी म्हटलं, वारा कुठे आहे त्यावर अवलंबून आहे, सर.

पोरांना उत्तर कधीच द्यायचं नाही, हे मला अजून पटलेलं नाही. यावर आपण भांडणार आहोत, तू तिकडून आणि मी इकडून. पण काल घरी यायच्या आधी मी त्याच बाकावर बसले आणि वही उघडली. रिकाम्या रकान्याशेजारी, समासात, तुझ्या थोटक्या पेन्सिलीनं लिहिलं, "गप्प".

लांबून बघितलं. तू लिहिलंयस की मी, कुणाला सांगता यायचं नाही.